दोन बोटांची जागा

बाई, परवा तुमची तेरवी झाली. मी आलो होतो. पंगतीत शेवटच्या टोकाला बसलो, भात-वरण खाल्लं, बुंदी पानात तशीच राहिली. कोणीतरी मला जाब विचारेल, या भीतीनं मान वर केली नाही. कोणीच काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

निघताना तुमच्या शालूनं तुमची कापडी थैली माझ्या हातात दिली. म्हणाली, "भाऊ, आईची थैली तुमीच ठेवा. यातलं आमाले काई समजत नाई." तेव्हापासून ती माझ्या टेबलावर, प्रिंटरच्या शेजारी पडून आहे. आत तुमचा चष्मा आहे, व्हाइटनरची बाटली आहे आणि प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं एक पुस्तक आहे. ते पुस्तक मीच टाइप केलं, मीच त्याची पानं लावली. आणि तेच उघडायचा धीर मला दोन दिवस झाला नाही.

शालूचं म्हणणं, त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या सुरुवातीला मी तुमच्याबद्दल दोन पानं लिहावीत. जन्म कुठे, शिक्षण किती, ते मागच्या पानावर आहेच, ते नको म्हणाली. बरं झालं. मला त्यातलं काही लिहायचंच नाही. तुमचं नावसुद्धा मी इथे लिहिणार नाही. का ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांना शेवटपर्यंत कळेल.

पहिल्यांदा आलात त्या दिवशी मी लग्नपत्रिकांच्या गर्दीत होतो. नागभीडच्या स्टेशन रोडवरचं माझं हे दुकान, टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. तुम्ही अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा टेबलावर आदळलात. मला वाटलं, कुठला तरी अहवाल असेल. उघडलं तर 'बालकाचे नाव', 'वजन', 'उंची' असे छापील रकाने आणि त्या रकान्यांवरून आडवी धावणारी एक गोष्ट. धानाच्या रोवणीच्या चिखलात उभी राहून स्वतःशी बोलणाऱ्या बाईची.

"बाई, हे काय हाय?"

"पुस्तक हाय. तुले टायपिंग येते नं?"

मी टाइप केलं आणि सवयीनं सुधारलं. 'मले'चं 'मला' केलं, 'नाई'चं 'नाही' केलं. शुद्धलेखनाचा मला भारी गर्व. दहावीला मराठीत तालुक्यात पहिला आलो होतो, ते अजून डोक्यातून उतरलेलं नाही. तुम्ही प्रूफ घेऊन त्या स्टुलावर बसलात, ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागलात आणि दुसऱ्याच ओळीला थांबलात.

"हे कोन बोलून राह्यली?"

"तुमचीच बाई बोलून राह्यली."

"माही बाई अशी बोलत नाई. ही तं तहसील हापिसातली बाई वाटते."

दुकानात झेरॉक्ससाठी उभे असलेले चार जण हसले. मला राग आला. पण तुम्ही उठला नाहीत. एकेक 'मला' शोधून मला परत 'मले' करायला लावलंत. दुपार गेली त्यात. संध्याकाळी जाताना म्हणालात, "राग नको करू भाऊ. तू मास्तर झाला असता तं बरं झालं असतं." ते कौतुक होतं की टोमणा, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

तीन प्रकाशकांकडे तुम्ही ते पाठवलं होतं. एकानं उत्तर दिलं नाही, एकानं दोन वर्षं ठेवून घेतलं, एकानं लिहिलं, भाषा सुधारून पाठवा. मग तुम्ही ठरवलंत की आपणच छापायचं. छापणं सोपं असतं, पुढचं कठीण. गठ्ठे तुमच्या खाटेखाली राहिले. उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी ते उन्हात काढायचे, मध्ये कडुनिंबाचा पाला घालायचा, पुन्हा आत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, तिथे बांगडीवाला आणि सुक्या मासळीवाली यांच्यामध्ये तुमचं पोतं अंथरलेलं. लोक पुस्तक हातात घेऊन विचारायचे, "यात आमच्या गावाचं नाव हाय काय?" नसेल तर खाली ठेवायचे. सूरजागडच्या लोहखाणीच्या वाटेवर कुठल्या तरी संमेलनाला गेलात आणि खनिजाच्या ट्रकांच्या धुळीनं सगळ्या प्रती लाल करून आणल्यात. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी पत्रात लिहिलं होतं, लेखन अस्सल आहे, मात्र पुस्तकाला बोंबलाचा वास का येतो. ते पत्र तुम्ही मला दहा वेळा वाचून दाखवलं असेल आणि दहाही वेळा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात.

स्पर्धेसाठी पाच प्रती पाठवल्या तेव्हा परीक्षकांचा अभिप्राय आला, 'आशय चांगला, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' तो तुम्ही मुद्दाम माझ्या दुकानात, माझ्या डोक्यावरच्या भिंतीला चिकटवला. अजून आहे तिथे.

तुमची एक रीत मला आधी वेळखाऊ वाटायची. ज्या माणसाची गोष्ट असेल, त्याच्या घरी जाऊन ती आधी वाचून दाखवायची. त्यानं मान हलवली तरच ती छापायची. एकदा सिंदेवाहीकडच्या म्हातारीनं मान हलवली नाही, तर तुम्ही बावीस पानं चुलीत घातलीत. मी ओरडलो. तुम्ही म्हणालात, "तिचं होतं, तिनं वापस घेतलं."

आणखी एक आठवतं. पहिल्या पुस्तकाच्या आतल्या पानावर, जिथे मुद्रक, प्रकाशक वगैरे बारीक अक्षरांत असतं, तिथे तुम्ही 'अक्षरजुळणी' असं लिहून पुढे माझं नाव घालायला लावलंत. मी लाजलो, टायपिस्टाचं नाव कोणी वाचत नाही म्हणालो. "तुह्यं नाव नाई तं पुस्तक नाई," म्हणालात. पहिली प्रत आली तेव्हा ते पान मी बायकोला दाखवलं, आईला दाखवलं. आईला वाचता येत नाही, तिनं त्या ओळीवर हात फिरवला. तिन्ही पुस्तकांत ती ओळ आहे.

आता चौथ्याबद्दल लिहायला हवं. इथवर मी गप्पा मारून ते पुढे ढकलत होतो, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायकांचं ते पुस्तक. ज्या परत आल्या त्यांचं, आणि ज्या आल्या नाहीत त्यांचं. ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या पलीकडे वैरागडच्या पुढच्या जंगलातल्या गावांपर्यंत तुम्ही चार वर्षं हिंडलात. संध्याकाळच्या गाडीनं परतताना दुकानात टेकायचात आणि सांगायचात. जंगलात शिरल्यावर बायका एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत, फक्त 'कू' घालतात, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मी विचारलं, "काऊन?" तुम्ही म्हणालात, "नाव ऐकलं तं तो पाठ करते." आणि तो जवळ असला की रानात चूल नसताना नव्या तांदळाचा भात शिजल्याचा वास येतो, हेही तुम्हीच सांगितलं. मी हसलो होतो. मी म्हटलं, मग आमच्या नागभीडमध्ये तो रोजच घरोघर असतो म्हणा. तुम्ही हसला नाहीत.

तो म्हणजे कोण, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्याला बघायला लोक दूरदूरहून येतात, उघड्या जिप्सीत बसतात आणि दिसला की फोन वर धरतात, तो. ज्याचं पट्ट्यापट्ट्यांचं चित्र जिल्ह्यात जागोजागी भिंतींवर रंगवलेलं आहे, तो.

तुमच्या वहीत त्याचं नाव कुठेही नव्हतं. जिथे यायला हवं तिथे तुम्ही कोरी जागा सोडली होती. प्रत्येक ठिकाणी सारखी, दोन बोटं आडवी ठेवली तर मावतील एवढी. आणि मी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करणारा माणूस, बाई. 'रिकाम्या जागा भरा' हे वाक्य मी जन्मात किती वेळा टाइप केलं असेल त्याला गणती नाही. मला वाटलं, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, हात भरभर चालतोय, शब्द नंतर घालू म्हणून सोडला असेल. वाक्यावरून काय हवं ते सरळ दिसत होतं, पहिलीच्या मुलालाही आलं असतं. मी भरलं. एक्केचाळीस ठिकाणी.

एरवी तुम्ही प्रूफ वाचलं असतं, बोट ठेवून, ओळ न् ओळ. त्याच आठवड्यात चंद्रपूरला तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तुम्ही स्टुलावर बसला होतात. मी विचारलं, "वाचून दाखवू काय?" दारात लग्नपत्रिकेवाले उभे होते, ते तुम्ही आवाजांवरून ओळखलंत. म्हणालात, "तू वाचलं नं? मंग झालं." बाई, मी वाचलं नव्हतं. मी टाइप केलं होतं. या दोन्हीत किती फरक आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

छापखान्यातून आधी दहा प्रती आल्या. तुमच्या यादीप्रमाणे मी त्या पोस्टानं पाठवूनही दिल्या, तुम्हाला खूश करायला. नऊ वाचनालयांना आणि मास्तरांना, दहावी मैनूजींना. मैनूजी म्हणजे शेवटच्या गोष्टीतले. वैरागडच्या पुढे, फाट्यावरून आत, जंगलातल्या गावात राहणारे, घरात गोंडी बोलणारे. त्यांचीच बायको मोहाला गेली ती आली नाही. तुम्ही त्यांच्या अंगणात बसून ती गोष्ट वाचली होती आणि त्यांनी मान हलवली होती.

बाकीचे गठ्ठे आले त्या दुपारी तुमची पट्टी निघालेली होती, नवा चष्मा होता. सुतळी तुम्हीच तोडलीत. पुस्तकाचा वास घेतलात, उघडलंत, बोट ठेवून वाचायला लागलात. मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत आलो तर पुस्तक मिटलेलं, त्यावर तुमचे दोन्ही हात, आणि तुम्ही दाराबाहेर रस्त्याकडे बघत होतात. भर दुपार होती, रस्त्यावर कोणी नव्हतं.

"भाऊ, तू त्याले हाक मारली."

"कोनाले?"

"एक्केचाळीस डाव."

मग मला समजलं, आणि समजल्यावर मी नेहमीसारखा वाद घातला. कोरी जागा पाहून लोक म्हणतील छपाई चुकली, परीक्षक म्हणतील शुद्धलेखन सोडा, इथे तर शब्दच नाहीत. म्हटलं, "पुन्या-मुंबईच्या मानसाले काय समजन?"

"त्याहिले नाई समजलं तरी चालते," तुम्ही म्हणालात. "त्याले नाई समजलं पाह्यजे."

मग हळू आवाजात म्हणालात, "बायका सांगतेत नं, तवा तेथी थांबतेत. खाली पाहतेत. मंग पुढं बोलतेत. मी ते थांबनं लिवलं होतं रे."

एवढं बोलून तुम्ही खाली पाहिलंत. मला तुमची माफी मागायची होती. मी म्हटलं, "चहा घ्या."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही व्हाइटनर घेऊन येऊ लागलात. रोज जेवणानंतर त्या स्टुलावर बसून एकेक प्रत उघडायची, एकेक शब्द पुसायचा, फुंकर मारायची, वाळला की पान उलटायचं. सगळ्या प्रती, प्रत्येकीत एक्केचाळीस. मी मदत करतो म्हटलं तर नको म्हणालात, एकदा लिहिलंस तेवढं पुरे. आणि तुम्ही पुस्तक मागून सुरू करायचात. शेवटची गोष्ट आधी, मग तिच्या आधीची, असं करत पहिल्या पानाकडे. मी चिडवलं, "बाई, उलटं काऊन?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जो मागून येते, त्याले मागूनच मिटवा लागते."

त्या दुपारी मला आवडत नसत. दुकानात व्हाइटनरचा वास, पंख्याचा आवाज, तुमची फुंकर. मी पुसलेलं एक पान उजेडात धरून पाहिलं होतं. पांढऱ्याखालचा शब्द मागच्या बाजूनं उलटा वाचता येत होता. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दुसरा हात दिलात. स्टेशन रोडवरची कुत्री त्या दिवसांत माझ्या पायरीवर सावलीला येईनाशी झाली होती. मी ते तुम्हाला सांगितलं नाही, आणि ते तुम्हालाही दिसत होतं हे मला माहीत होतं.

दीडेक महिन्यात घरचे गठ्ठे संपले. पोस्टानं गेलेल्या नऊ प्रतीही तुम्ही फोन करून, बसनं जाऊन परत आणल्यात. दिलेली पुस्तकं परत मागणारी लेखिका म्हणून एका ग्रंथपालांनी तुमची थट्टाही केली. उरली फक्त मैनूजींची.

आणि नववी प्रत परत आली त्याच दिवशी आपलं भांडण झालं. एका गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवावं म्हणून मी गठ्ठ्यातली एक प्रत उघडली. आतलं पान काढलं. 'अक्षरजुळणी' होतं, आणि त्यापुढे पांढरा डाग. दुसरी प्रत पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांत. एक्केचाळीस शब्द पुसून झाले की पुस्तकाच्या तोंडाशी येऊन तुम्ही बेचाळिसावं माझं नाव पुसत होतात. दीड महिना, माझ्यासमोर बसून, मला न सांगता.

"बाई, माह्यं नाव काऊन मिटवलं?"

तुम्ही दाराबाहेर रस्त्याकडे एकदा पाहिलंत आणि ओठांवर बोट ठेवलंत.

मला वाटलं, तुम्ही मला गप्प बस म्हणताय. गिऱ्हाइकासमोर. ज्या ओळीवर माझ्या आईनं हात फिरवला होता ती ओळ पुसून वर मला गप्प बसवताय. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मंग पुढच्या पुस्तकाले दुसरा टायपिस्ट पाहून घ्या." तुम्ही बाटलीचं झाकण लावलंत, थैलीत टाकलीत, स्टूल भिंतीशी सरकवलंत आणि गेलात. तुम्हाला मी बोललेलं शेवटचं वाक्य ते आहे.

चार दिवसांनी तुम्ही मैनूजींकडे गेलात.

तेरवीला मैनूजी आले होते. अंगणात एकटेच उकिडवे बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "पुस्तक मी घरात नवतो ठेवत. घरात ठेवलं तं कुत्रं त्याच्याकडं पाहून भुकत राह्ये. मंग झोऱ्यात घालून बाहेर झाडाले टांगलं." मग म्हणाले, "मले वाचता येत नाई. कुत्र्याले येत होतं काय, मालूम नाई." तुम्ही त्यांच्याकडे पाणी प्यायलात, झाडावरून झोरा उतरवून घेतलात, जेवायला थांबला नाहीत. त्यांनी फाट्यापर्यंत सोबत येतो म्हटलं तर त्यांनाही नको म्हणालात.

फाट्यावर तो सिमेंटचा प्रवासी निवारा आहे. चारच्या बसच्या कंडक्टरनं तुम्हाला पाहिलं. बाकावर बसून होतात, मांडीवर थैली, पाठ भिंतीला. त्यानं घंटी मारली, हाक मारली, "ओ बाई, चला नं." तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. चार वर्षं चालत हिंडलेली, वयाची बाई, दुपारचं ऊन. यात न समजण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला रोज सांगतो.

पण शालू तिथे गेली होती. निवाऱ्यासमोरच्या धुळीत पंजे उमटले होते. निवाऱ्याला एक चक्कर, मग दुसरी, आणि समोर, बाकापासून चारपाच पावलांवर, बसल्याची जागा. वनरक्षक तिला म्हणाला, "सकाळचे असतील, बाई यायच्या आधीचे." शालू मला हे सांगताना इकडेतिकडे पाहत होती. म्हणाली, "नाई भाऊ. आईच्या चपलेचा ठसा खाली होता. त्याचा वर होता."

म्हणजे तुम्ही बसला होतात आणि तो आला. समोर बसला. किती वेळ, कोणास ठाऊक. तुम्ही तेव्हा जिवंत होतात की नव्हता, तेही कोणाला माहीत नाही. तुम्हाला हात लावला नाही त्यानं. मग तो कशासाठी आला होता, बाई? मी हाक मारली म्हणून? मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, असं सगळ्यांना सांगतो. पण पंधरा दिवस मी हाच प्रश्न घेऊन झोपतो आणि उठतो. आणि त्याच्याखाली दुसरा प्रश्न आहे, तो अजून वाईट आहे. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का?

काल मी मूळ फाइल उघडली. नव्या आवृत्तीत तुमच्या जागा तुम्हाला परत द्यायच्या, एवढं तरी माझ्या हातात होतं. सोपं काम आहे. शोधायचा शब्द लिहायचा, एक कळ दाबायची, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जातात. चौकट उघडली, त्यात टिकटिकणारी रेघ आली, आणि माझा हात थांबला. शोधायचं तर तो शब्द मला आणखी एकदा लिहावा लागणार होता. मी चौकट बंद केली.

मग मी तुमच्या स्टुलावर बसलो, पडद्यावर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागलो. शटर अर्धं ओढलं होतं. वर्षानुवर्षं तुमची पुस्तकं टाइप करून मी तुम्हाला पहिल्यांदा काल वाचलं. किती चांगलं लिहायचात हो तुम्ही. मैनूजींच्या बायकोची टोपली झाडाखाली भरलेली सापडते, तिथे मला पुढे वाचवेना. जिथे तो शब्द आला तिथे मी थांबलो, खाली पाहिलं, तो खोडला, दोन बोटं पडद्यावर आडवी ठेवून जागा मोजली आणि पुढे गेलो. तुम्ही म्हणत होतात ते थांबणं मला तेव्हा समजलं.

एक्केचाळीस झाले. राहिलं फक्त आतलं पान, जिथे माझं नाव आहे. ते ठेवावं की काढावं? खरं सांगतो, अजून मनात सल होता. मेलेल्या माणसावर रुसू नये म्हणतात, पण मी रुसलो होतो. शेवटी, तुम्ही कसं केलं होतं ते बघावं म्हणून, आज दुपारी मी थैलीतून ती पन्नी सोडली.

मैनूजींची प्रत. आधी मागून उघडली, तुमच्या रीतीप्रमाणे. शेवटच्या गोष्टीत शब्द होता, काळा, स्पष्ट, जसा मी टाइप केला तसा. तिच्या आधीच्या गोष्टीतही होता. मी पानं उलटत पुढे आलो. एकही पुसलेला नव्हता. तुम्ही त्या बाकावर बसलात, बाटली काढलीत, आणि मागून सुरुवात केली नाहीत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस शब्द तसेच सोडून दिलेत.

मग पहिलं पान आलं. 'अक्षरजुळणी' आणि त्यापुढे पांढरा थर. जाड, घाईनं फासलेला, ओळीच्या बाहेर गेलेला. फुंकर मारायलाही वेळ झाला नसावा. तो ओला असतानाच तुम्ही त्यावर बोट दाबलं होतं, तुमच्या बोटाच्या रेषा त्यात उमटल्या आहेत. मी ते पान उजेडात धरलं, मागून पाहिलं, वाकडं करून पाहिलं. माझं नाव कुठूनही वाचता येत नाही.

नाव ऐकलं तं तो पाठ करते. तुम्ही मला गप्प बसवत नव्हतात. तुम्ही त्याच्यापासून माझं नाव लपवत होतात, आणि लपवताय हे मोठ्यानं सांगायची सोय नव्हती. त्या शब्दाबरोबर माझं नाव असलेली जगात तेवढी एकच प्रत उरली होती, आणि मी तुम्हाला दुसरा टायपिस्ट पाहा म्हटल्यावरही तुम्ही ती आणायला गेलात. समोर तो बसला असेल, तर त्याच्यासमोर तुम्ही आधी माझं नाव पुसलंत. मी पुस्तक छातीशी धरून रडलो, बाई. झेरॉक्सवाले बाहेर उभे होते, त्यांना जा म्हणालो.

आता तीन वाजलेत. भात शिजल्याचा वास येतोय. नागभीडमध्ये तो कुठूनही येऊ शकतो, शेजारी कोणी पाव्हणा आला असेल, उशिरा चूल पेटली असेल. मी उठून पाहणार नाही. लेख पुरा करतो. तुम्ही असतात तर बोट ठेवून वाचला असता आणि 'तुम्हाला'चं 'तुमाले' करायला लावलं असतं. दुसरा टायपिस्ट पाहू नका, बाई. तुमची जी वही निघेल ती मीच करीन, आणि टाइप करायच्या आधी वाचीन.

लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. इथे मी दोन बोटं ठेवून मोजली आणि जागा कोरी सोडली.